बागेच्या नळीचा तुकडा

त्या गाडीपाशी तुळसाबाई कधी गेली नाही. नाल्यातून ओढून काढून बैहर रोडवरच्या वर्कशॉपात आणून उभी केली, तेव्हापासून तिनं तो रस्ताच सोडला होता. बाजाराला जायचं तरी मागच्या गल्लीनं वळसा घेई. पण नवऱ्याचा डबा तर तिथं पोचायला हवा. तो सुनेनं, साधनानं, कोणी न सांगता आपल्याकडे घेतला. दुपार झाली की सहा महिन्यांच्या कमलाला कडेवर घ्यायचं, हातात डब्याची पिशवी, पिशवीतच फडक्यात गुंडाळलेली दुधाची बाटली, आणि निघायचं.

साधनाला ती गाडी बघवत होती असं नाही. बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

गाडी मिलिटरीच्या लिलावातली, ठेकेदारानं जबलपूरहून आणलेली. चारही चाकं जोर लावायची, म्हणून जंगलात बैलगाडी रुतून बसे तिथूनही ही लाकडं भरून निघायची आणि घाट उतरून लामत्याच्या डेपोत पोचायची. तिचा ड्रायव्हर चैतराम, साधनाचा नवरा. तिचा मिस्त्री महागू, चैतरामचा बाप. बाप नीट करायचा, पोरगा चालवायचा. गेल्या चैतात भरली गाडी घाट उतरताना वळणावर वळलीच नाही, सरळ नाल्यात गेली. साधनाला तेव्हा पाचवा महिना होता.

लाकडांवर मोहफुलांचं एक पोतं होतं. परसवाड्याच्या दोन बायांनी लामत्याला पोचवायला टाकलेलं. ते फुटलं. चैतरामचं प्रेत वर काढलं तेव्हा त्याच्या केसांत, सदऱ्यात ती वाळकी फुलं होती आणि अंगाला मोहाचा वास येत होता. झालं. घेतलेली होती, डुलकी लागली. कागदावरही तसंच गेलं, आणि गावात तर कागदाच्या आधीच गेलं होतं. महागू स्वतः गाडीखाली शिरला, तासभर आत पडून होता. बाहेर येऊन हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्रेकात काही दोष नाही." बापच असं म्हणाला, मग पुढे कोण काय बोलणार?

एकच माणूस वेगळं सांगत होता. दुलीचंद हमाल लाकडांवर बसला होता, त्यानं उडी मारली, त्याचा पाय मोडला पण जीव वाचला. तो म्हणे, चैतराम ओरडत होता, पायडल दगड झाला म्हणून. लोक हसले. ब्रेक गेला तर पायडल खाली जाते लेका, दगड कसा होईल? तू बी घेतली असशील.

चैतराम पीतच नव्हता असं साधनाला म्हणता आलं नसतं. होळीला प्यायचा, कटंगीला साधनाच्या माहेरी गेला की मेहुण्यांबरोबर प्यायचा. पण गाडी काढायच्या दिवशी तोंडाला लावायचा नाही, हे तिला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, तिला वाटत होतं. नळावर पाणी भरताना एक बाई कमलाची हनुवटी धरून म्हणाली होती, "बापावर गेली वं. डोये पाह्य कसे तर्र हाएत." बाया हसल्या. साधनाही ओठ ताणून हसली आणि घागर अर्धीच भरून घरी आली. पोर मोठी होईल, शाळेत जाईल, लग्नाची होईल, आणि हे तिच्या मागे-मागे येईल. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी, कमलाला थोपटता थोपटता, साधनालाही वाटून जाई: खरंच घेतली असेल तर?

आता ठेकेदारानं ठरवलं होतं, पेट्रोलचं जुनं इंजिन काढून नागपूरहून आणलेलं डिझेल इंजिन बसवायचं. काम महागूचंच. दुसरा मिस्त्री त्या गाडीला हात लावायला तयार नव्हता.

त्या दिवशी साधना पोचली तेव्हा जुनं इंजिन साखळीनं उचलून बाहेर लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं. साखळी ओढायला लंगडा दुलीचंद होता. नवा ड्रायव्हर प्रेमलाल बोनटच्या कडेवर बसून पाय हलवत होता. हा कटंगीचाच, म्हणून साधनाला ताई म्हणायचा.

"या ताई. मिस्त्रीबाबाचा डबा आला का आमचं बी वासानं पोट भरते."

"वासानं भरते तं चार भाकरी काहून मागतोस रोज?" दुलीचंद म्हणाला.

महागूनं मान वर केली नाही. तो नळ्या बघत होता. नळी हातात आली की तोंडाला लावून फुंकायची, दुसऱ्या टोकाला गाल धरायचा. हवा गालाला लागली की नळी मोकळी. मग ते टोक अंगठ्यानं बंद करून पुन्हा फुंकायचं. कुठून फुस्स झालं नाही की नळी साबूत. चाळीस वर्षं तो असंच करत आला होता. चैतरामही त्याच्याकडून हेच शिकलेला.

"बाबा, पेट्रोलले एक नळी होती, आता हा पंप आन् नळ्याच नळ्या. कायले?" प्रेमलालनं विचारलं.

"पेट्रोलचं इंजिन सोताच हवा ओढते. त्या ओढीनं ब्रेकच्या डब्याले जोर भेटते. तू पाय ठेवला का निम्मं काम तो डबाच करते. डिझेलले तशी ओढ नसते, म्हणून पंप लागते. पंपानं ओढाचं, नळीनं डब्यापर्यंत न्याचं."

"आन् नळीच निंगली तं?"

"तं पाय ठेवजो आन् उभा राह्यजो पायडलावर. हालणार नाही." महागू बोलून गेला. मग आपल्याशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "पाह्यली होती म्या. तवाच पाह्यली. जागच्या जागी होती. क्लिपा घट्ट. फुंकून पाह्यली, मोकळी होती."

दुलीचंदनं तोंड फिरवलं.

साधना सावलीत ओंडक्यावर बसली. कमलानं किरकिर लावली होती, तिनं बाटली दिली. तिचं स्वतःचं दूध दोन महिन्यांतच आटलं होतं. ही बाटली महागूनंच गोंदियाहून आणलेली, आणि शेळीचं दूध आणायलाही रोज उजाडता उजाडता तोच जायचा. पोरीनं डोळे मिटून चार घोट घेतले, पाचव्याला गाल आत गेले आणि ती लालबुंद होऊन रडायला लागली.

"रडते काहून ते?" महागूनं विचारलं.

"भूक लई लागली मामाजी, आन् ओढते अंगातला जीव लावून. मंग हे रबराची बोंडी आतून चिपकते. दूध बंद." साधनानं बाटली काढली. पुच् असा आवाज झाला आणि चपटी झालेली बोंडी फुगून पुन्हा गोल झाली. "पाहा. काहाडली का जशीच्या तशी. कोणाले सांगतलं तं खरं वाटत नाही."

महागूच्या हातातली नळी तशीच राहिली.

"परत दे तिले."

साधनानं दिली. तेच झालं.

"हळू ओढलं तं?"

"हळू ओढलं तं येते बराबर. जोरानं ओढलं का बंद. जितकं जोरानं ओढंल तितकं बंद."

महागू उठला. जुन्या इंजिनापाशी गेला, वाकला, आणि त्याच्या बाजूला अजून लटकत असलेला एक तुकडा सोडवून घेऊन आला. दोन हात लांबीची लालसर रबरी नळी. बाकीच्या काळ्या जाड नळ्यांत ती वेगळीच दिसत होती. चहाची शेगडी पेटलेली होती. त्यानं नळी निखाऱ्यावर अधांतरी धरली, फिरवत राहिला. ऊन झाली, मऊ झाली. मग एक टोक अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं तोंडात घेतलं.

त्यानं फुंकलं नाही. ओढलं.

नळी मधोमध चपटी झाली. तोंडातून सोडली, पुन्हा गोल. परत ओढली. परत चपटी. म्हाताऱ्याचे गाल कमलाच्या गालांसारखे आत गेले होते आणि डोळे साधनाकडे होते.

"दुलीचंद," तो म्हणाला, "काय म्हणला होता तो?"

"आता काहून विचारता मिस्त्री? तवा कोणी आयकलं?"

"सांग."

"दगड झाला म्हणे पायडल." दुलीचंदनं साखळी सोडली. "'बाबा, दगड झाला, बाबा,' असा ओरडून राह्यला होता. मले वाटे मलेच बाबा म्हणून राह्यला."

महागू खाली बसला. जमिनीकडे बघत बोलला, "उताराले रेसवरून पाय काहाडला का पेट्रोलचं इंजिन सर्व्यात जोरानं ओढते. चढाले नाही. उताराले."

प्रेमलालला काही कळलं नाही. तो म्हणाला, "जेवा ना बाबा, थंडं होईल." साधनाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण बोंडी कळत होती. तिच्या मांडीवर पोर हमसत होती आणि ती हातातल्या बाटलीकडे बघत राहिली.

महागूनं डबा उघडला नाही. तो तुकडा गुंडाळून त्यानं डब्याच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी साधनाकडे दिली. "घरी ने," एवढंच म्हणाला.

तिनं तो धानाच्या कोठीमागे ठेवला. भरला डबा परत आलेला बघून तुळसाबाईनं विचारलं, "जेवले नाही का?" साधना म्हणाली, "भूक नोती म्हणे." सुनेनं सासूला खोटं सांगायची ती पहिली वेळ.

तीन दिवस घरात कोणी काही बोललं नाही. महागू सकाळी शेळीचं दूध आणून ठेवायचा, आणि साधनाकडे न बघता निघून जायचा. तिला कळत होतं, त्यानं तो तुकडा लपवायला दिलेला नाही. तिच्या हवाली केला आहे. आता नळावर जाऊन तिनं ओरडून सांगावं, आणि तो एक शब्द बोलणार नाही. सांगावंसं वाटे. दहा महिने जे ऐकायला ती आसुसली होती, ते आता कोठीमागे होतं. मग म्हातारा दूध गाळताना दिसे, फडक्यातून, एकदा, दोनदा, पोरीला कचरा जाऊ नये म्हणून, आणि तिची जीभ उचलेना. नवऱ्याचं नाव धुवायचं तर ते ह्याच हातांवर ओतावं लागणार होतं. आणि तुळसाबाई? तिला काय सांगायचं?

त्याचा राग येत नव्हता असंही नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिनं ताट जरा आपटलंच. महागूनं ते ऐकलं आणि खाली मान घालून जेवला.

चौथ्या दिवशी तिनं तो तुकडा पिशवीत टाकला. घरात तो आता राहू द्यायचा नव्हता. ज्याचा त्याला देऊन टाकू, पुढचं तो बघेल, एवढंच तिनं ठरवलं होतं.

वर्कशॉपात ठेकेदार आला होता. डिझेल इंजिन बसलं होतं, नागपूरहून जाड भिंतीची काळी नळी आली होती आणि महागूनं ती टाकली होती. पूर्वीची जवळच्या वाटेनं, सायलेन्सरच्या अंगावरून गेली होती. ही त्यानं लांबून, दुसऱ्या बाजूनं, चेसिसला धरून नेली होती. हात-हात अंतरावर क्लिप. कुठं झोळ नाही, कुठं गरम लोखंडाला स्पर्श नाही. दोन्ही टोकं तेवढी जोडायची राहिली होती.

ठेकेदारानं प्रेमलालच्या पाठीवर थाप मारली. "गाड़ी नई हो गई समझ. बस, उस चैतराम की तरह महुआ चढ़ाके मत बैठना."

त्यानं साधनाला पाहिलं नव्हतं. प्रेमलालनं पाहिलं आणि तो बूट बघायला लागला. साधनानं पिशवीत हात घातला. पुढे गेली, मडगार्डवर तो लाल तुकडा ठेवला आणि मागे सरली.

महागू त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "त्यानं पेली नोती."

"क्या?"

"माह्या पोरानं पेली नोती शेटजी. हे नळी पाहा. मी लावली होती. पयली फाटली, दुसरी भेटली नाही, तुमच्या बंगल्यात बागेले पाणी द्याची होती तिचा तुकडा कापून लावला. फुंकून पाह्यला, साबूत होता. ओढून नाही पाह्यला. उताराले गरम होऊन आतून चिपकला. ब्रेक दगड झाला. त्यानं मले लावतानाच म्हणलं होतं, बाबा, हे तं बागेची नळी हाय गा. मी म्हणलो, फुंकून पाह्यली हाय मी, तू मले शिकवू नोको."

ठेकेदारानं तुकडा उचलला, दाबून पाहिला, ठेवला. "मैंने तो नहीं बोला था बाग की नली लगाने को."

"नाही बोलले. तुमी बोलले, गाडी सकाळी निंगाली पाह्यजे."

"और दस महीने बाद याद आया?"

"दहा महिने मले मालूम नोतं. चार दिवस झाले मालूम होऊन." महागू थांबला. "चार दिवस चूप बसलो. ते बी खरं."

दुलीचंद साखळीपाशी उभा होता. त्यानं दोन्ही तळहात तोंडावर घेतले. हसला नाही, 'मी सांगत होतो' असं कोणाला म्हणालाही नाही. ठेकेदार काम झालं की कळव म्हणून निघून गेला.

प्रेमलाल गाडीपासून दोन पावलं लांब झाला होता. "बाबा... मंग हे नवी?"

"ऊन पाण्यात ठेवून ओढली म्या. तीनदा. पण माह्या तोंडाचा भरोसा नोको धरू आता." महागूनं नळीचं एक टोक फडक्यानं पुसलं, दोनदा पुसलं, आणि साधनाकडे धरलं. "तू पाह्य माय."

साधनानं कमलाला दुलीचंदच्या हातात दिलं. म्हातारा गाडीखाली शिरला आणि दुसऱ्या टोकाला अंगठा दाबून धरला. "हं," तो खालून म्हणाला. तिनं नळी ओठांत घेतली. रबराचा, तेलाचा तुरट वास थेट घशात गेला. तिनं ओढलं. जीभ नळीला जाऊन चिकटली, कानात दडे बसले, तरी ती ओढत राहिली. पोर मांडीवर जीव लावून ओढते तशी. हाताच्या मुठीत नळी होती तशीच गोल राहिली. तिला वाटलं, असं कोणीतरी तेव्हा तोंड लावलं असतं. एकदाच. एवढंसं तर होतं.

तिनं नळी सोडली. जिभेवर वर्तुळ उमटलं होतं.

"नाही चिपकत," ती म्हणाली. "जा रे प्रेमलाल. काही होत नाही."

तुळसाबाईला महागूनंच सांगितलं. दिवस असतानाच घरी आला, ओट्यावर बसला, तुकडा समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावरही दोन काड्या निवडल्या. मग दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं पोराचं नाव घेतलं.

"चैतरामनं सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. "बागेची नळी हाय म्हणून."

"हौ."

"सांगतलं होतं त्यानं."

ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याचं ताट वाढलं नाही. भांडण नाही, बोलणं नाही. ताट साधना वाढायची आणि ठेवताना आवाज होऊ देत नसे.

नळावर कोणी माफी-बिफी मागितली नाही. फक्त एक दिवस ती गेली तेव्हा पोरीची हनुवटी धरणाऱ्या त्याच बाईनं आपली घागर सरकवली आणि म्हणाली, "भर वं तू पयले." साधनानं पूर्ण भरली. घरी येताना मात्र घागर डोक्यावर असूनही तिला तिचा भार जाणवला नाही. ज्याचं नाव धुतलं म्हणून ही जागा मिळाली, त्याला ते सांगायचं कुठं?

प्रेमलालची गाडी आता घाट चढते-उतरते. महागूनं वर्कशॉप सोडलं. दुपारी तो ओट्यावर बसतो, कमलाला मांडीवर घेतो, बाटली धरतो. पोर चार घोट घेते, आणि गाल आत जायच्या आधीच तो बाटली काढून घेतो. ती रागानं हात आपटते.

"थांब माय, थांब," तो म्हणतो. "हवा जाऊ दे आत. हळू ओढ."

बोंडी फुगून गोल झाली की उजेडाकडे धरून बघतो, आणि मगच तिला परत देतो.